त्याने सांगितलेला निरोप
मोपाच्या विमानतळावर कडक कॉफीचा वास आला आणि परदेशातलं आमचं प्रशिक्षण केंद्र आठवलं. मी नवखा धर्मप्रचारक होतो, स्पॅनिश येत नव्हती. एके सकाळी गोव्यातल्या माझ्या गावाहून, हळर्णहून फोन आला, वडील अत्यवस्थ होते. आमच्याच पेडणे तालुक्यातल्या, स्पॅनिश येणाऱ्या माझ्या सोबत्याला मी म्हटलं, "प्रमुखांना सांग, मला घरी जायचंय." तो स्पॅनिशमध्ये बोलला, त्यातला 'केदार्से' एवढाच शब्द माझ्या लक्षात राहिला. त्याचं ऐकून प्रमुखांनी हसत माझी पाठ थोपटली. "रजा मेळना," सोबती मला म्हणाला. वडील गेले. महिन्याभराने वर्गात 'केदार्से' म्हणजे राहणं, हे शिकलो आणि तो तेव्हा प्रमुखांना काय म्हणाला होता ते कळलं : याला इथेच राहायचंय. जाब विचारल्यावर तो रडला, "तूं गेल्लो जाल्यार हांव हांगा एकटोच पडटलों आशिल्लों." मी गेलो असतो तर तो तिथे एकटा पडला असता, एवढंच कारण. आज मी स्पॅनिशमध्ये क्षमेवर प्रवचन देतो, पण त्याचा फोन उचलत नाही.