पालथी ताटली

जमदग्नी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत आयुष्यभर फिटर म्हणून राबले, तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की निवृत्तीच्या समारंभात भाषण करणारा साहेबसुद्धा तेच बोलून गेला. त्यावरही जमदग्नी भडकलेच. इतरांच्या नाकावर राग असतो. यांच्या नाकावर त्याने बिऱ्हाडच थाटलं होतं.

आज मात्र भडकायला कारण होतं, हे मानायलाच हवं. घरामागच्या शेडमध्ये भंगारात निघालेली एक जुनी मोटार त्यांनी तीन वर्षं खपून उभी केली होती. पत्रा ठोकला, इंजिन उतरवून परत चढवलं, रंग मारला. काल संध्याकाळी गाडी तयार झाली. आज सकाळी मुलगी आणि तिचा मामा ती गाडी घेऊन डोंगरापर्यंतच्या पहिल्या लांबच्या फेरीला निघूनही गेले. मामा म्हणजे जमदग्नींचा मेहुणा. तीन वर्षं दर रविवारी ‘मदतीला’ यायचा. जाताना खिडकीतून हात हलवत म्हणाला, “भावोजी, तुम्ही तेवढं शेडचं बघा हं!”

तेवढं! जमदग्नींनी शेडचं दार उघडलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फरशीवर ऑइल शोषायला टाकलेला लाकडाचा भुसा चिखलासारखा काळा झाला होता. रंगाने माखलेले कागद, वायरींची भेंडोळी, पॉलिश पेपरचे तुकडे, चिंध्या. रंगाचा ब्रश न धुता ठेवलेला, दगड झालेला. आणि भिंतीवरचा पान्यांचा फळा! प्रत्येक पान्याची आकृती स्वतःच्या हाताने काढून त्यांनी खिळे ठोकले होते, आणि तरी दहा-अकराचा पाना बारा-तेराच्या खिळ्याला लटकत होता.

“डोळे आहेत का बटणं?” ते गरजले. “आंधळ्यानेसुद्धा चाचपून नीट लावला असता! मिरवायला सगळे पुढे, झाडू धरायला मीच! स्क्रूड्रायव्हरने रंग ढवळलाय गाढवाने! स्क्रूड्रायव्हरने!”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली, “अहो, कोणावर ओरडताय? तिथे कोणी नाहीये.”

“भिंतीवर ओरडतोय! तुझ्या भावापेक्षा भिंतीला जास्त कळतं!”

“मग भिंतीलाच सांगा माझ्या ताटल्या परत द्यायला. तीन वर्षं पाहुण्यांना डब्यांच्या झाकणांत खायला घालतेय मी.”

त्यांनी खराटा जोरजोरात मारायला सुरुवात केली.

ताटल्यांची गोष्ट अशी. डेपोत असल्यापासून जमदग्नींची एक शिस्त होती. गाडीचा जो भाग उघडायचा, त्याची एक ताटली. नट, बोल्ट, वायसर, पिना, सगळं त्या ताटलीत. बदलून नवीन घालायचं असेल तर नवीनही त्याच ताटलीत. काम संपलं म्हणजे ताटली रिकामी झाली, आणि रिकामी झाली की ती पालथी घालायची. पालथ्या ताटलीचं काम पुन्हा कोणी तपासायचं नाही, त्यावर प्रश्न विचारायचा नाही. या एका गोष्टीवर त्यांनी शेकडो बसगाड्या रस्त्यावर सोडल्या होत्या, आणि एकीनेही त्यांना तोंडघशी पाडलं नव्हतं. दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पालथ्या ताटलीवर होता.

खराटा मारून झाला. भुसा पोत्यात भरला, पाने रॉकेलने पुसून आपापल्या खिळ्यांना लावले, कागद आणि चिंध्या बाहेर काढल्या. हात चालायला लागले तसा राग थोडा निवळला. इंजिन कसं एका आवाजात सुरू झालं होतं ते आठवून ते स्वतःशीच हसलेसुद्धा. मग ते टेबलाकडे वळले. तिथे ओळीने ताटल्या पालथ्या घातलेल्या होत्या, प्रत्येकीच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. त्या धुऊन बायकोच्या स्वाधीन करायच्या आणि एकदाचं तिचं तोंड बंद करायचं, असा त्यांचा बेत होता. ‘कार्बोरेटर’ उचलली. ‘डावं दार’ उचलली. ‘पुढचं उजवं चाक’ उचलली.

खाली एक पिन होती.

नवी कोरी, सरळ, दोन्ही पाय जुळलेले. वापरलेलीच नव्हती. पुढच्या चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो, तो फिरत फिरत सुटू नये म्हणून त्यातून आरपार घालायची ती पिन. ती नसेल तर नट ढिला होत जातो. आज नाही, पुढच्या वळणावर नाही, पण होत जातो. आणि मग चाक निघतं.

पुढचं उजवं चाक मेहुण्याने बसवलं होतं. “भावोजी, एक तरी चाक मला करू द्या,” म्हणून मागे लागला होता. काल संध्याकाळी जमदग्नींनी ताटली पालथी बघितली आणि ते पुढे गेले. तपासलं नाही. तपासायचंच नसतं.

मुलगी गाडी चालवत होती. डोंगराचा उतार होता.

“फोन! फोन कुठे आहे माझा?”

मुलीचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मेहुण्याचा तर बंदच.

“उचलत का नाही ही कार्टी!”

“गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे तुम्हीच नाही का शिकवलंत?” बायको शांतपणे म्हणाली. “एकदा उचलला तर आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतंत.”

“तू गप्प बस!”

काय झालंय ते त्यांनी तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं असतं तर आवाज फाटला असता, आणि आपला आवाज फाटलेला त्यांना कोणाला ऐकू द्यायचा नव्हता. पिन मुठीत धरून ते तडक रस्त्यावर गेले. भीती वाटली की इतर माणसं गप्प होतात, जमदग्नी ओरडत. हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्यावर ओरडले, मध्ये आलेल्या सायकलवर ओरडले. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कौतुकाने म्हणाला, “काका, गाडी काय चकाचक झालीय हो!” तर त्याच्यावरही धावून गेले, “तुला काय कळतंय त्यातलं? कपडे बघ तुझे!” आणि आतल्या आत मेहुण्याला अशा शिव्या घालत होते की त्या इथे लिहिता येणार नाहीत. येऊ दे त्याला. आधी मुलगी येऊ दे. एवढी येऊ दे, मग बघतो एकेकाला.

वळणावर गाडी दिसली तेव्हा ते हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मुलीने करकचून ब्रेक दाबला.

“बाबा! मरायचंय का तुम्हाला?”

“उतर! आधी खाली उतर!”

मेहुणा गाडीत नव्हता. ते गुडघ्यांवर बसले, खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने उजव्या चाकाचं झाकण उचकटलं, आतलं ग्रीसचं टोपण काढलं, बोटाने ग्रीस पुसलं.

पिन जागेवर होती.

जीव भांड्यात पडला. पडला, आणि लगेच डोकं चालायला लागलं. पिनेचे दोन्ही पाय नीट दोन बाजूंना वाकवलेले होते. ते स्वतः एक पाय कापत आणि एकच वळवत. मेहुण्याने तर वेडावाकडा गोळा केला असता.

“ही कोणी घातली?”

मुलगी गाडीला टेकून उभी राहिली. “मी.”

“कधी?”

“काल, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. मामा माझ्याकडे आला. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. म्हणाला, टोपण लावलं, ताटली पालथी घातली, आणि आता पिन घातल्याचं आठवतच नाहीये. उघडून बघितलं, तर नव्हती. मग डब्यातली दुसरी घातली मी. ताटलीखाली बघायचं सुचलंच नाही.”

“मला का नाही सांगितलं?”

तिने गाडीची किल्ली खिशात टाकली.

“मी विचारतोय, मला का नाही सांगितलं!”

“तो म्हणाला, त्यांना सांगू नकोस, मला घराबाहेर काढतील.”

“काढलंच असतं!”

“तेच ना,” ती म्हणाली. “आत्ता माझ्या फोनवर तुमचे एवढे कॉल बघितले, काय ते ओळखलं आणि कोपऱ्याच्या अलीकडेच उतरून गेला तो.”

“अगं, पण तो तुझ्याकडेही आला नसता तर? लाजून, घाबरून गप्प बसला असता तर? तू होतीस त्या गाडीत!”

“माझ्याकडे आला हे नशीब समजा,” मुलगी म्हणाली, आणि आता तिचाही आवाज चढला. “तुमच्याकडे तर तो येणारच नव्हता. कोणीच येत नाही, बाबा.”

जमदग्नींना भयंकर राग आला. मेहुण्याचा आला, मुलीचा आला, आणि गुडघ्यावर बसल्या बसल्या अचानक स्वतःचाही आला. हा शेवटचा राग त्यांच्या सवयीचा नव्हता. तो कोणावर काढायचा ते त्यांना कळेना. आरडाओरडा ऐकून बायको मागे येऊन उभी राहिली होती. ते तिच्याकडे वळले.

“तुला माहीत होतं हे?”

“नाही हो. हे नव्हतं माहीत.”

“हे नव्हतं?” ते उठून उभे राहिले. “हे नव्हतं म्हणजे? मग कोणतं माहीत आहे?”

बायकोने मुलीकडे बघितलं. मुलीने आईकडे बघितलं. एका क्षणाची नजर, पण तिच्यात काहीच नवीन नव्हतं. दोघींची ती वर्षानुवर्षांची सवय दिसत होती.

“काय काय लपवलंय माझ्यापासून? बोला ना! सांगा! मी ओरडणार नाही!”

हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच धरून बघत राहिला. मायलेकी मात्र मान खाली घालून उभ्या राहिल्या.