ताईची पहिली स्लाइड

दोन हजार सालानंतरची ती वर्षं मी शहाडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. गाठीचा तुकडा सडू नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, पातळ काप काढून काचेच्या स्लाइडवर रंगवायचा, हे माझं काम. निदान डॉक्टर करणार. तुकडा दवाखान्यातून लॅबपर्यंत आणायचं काम मात्र तेव्हा घरच्यांचंच असे. लोक ती डबी रिक्षात मांडीवर धरून आणायचे.

माझ्या थोरल्या बहिणीने छातीतल्या गाठीची डबी अंबरनाथहून स्वतःच आणली. तुझ्या हातात दिली की मला घोर नाही, म्हणाली.

स्लाइड मी डॉक्टरांच्या आधी पाहिली. चांगल्या पेशीचं केंद्रक वाटाण्यासारखं गोल असतं. ताईची केंद्रकं फुगलेली, दुमडलेली, कुठे चेपलेली. कॅन्सरमध्ये एखादं प्रोटीन पेशी बेसुमार बनवायला लागली की कधीकधी केंद्रकाचा आकारही बिघडतो, हे डॉक्टरांनीच मला शिकवलं होतं. तरी मी त्यांना सांगितलं, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला, माझा हलगर्जीपणा झाला. तशानेही पेशींचा आकार बिघडतो, हे खरं आहे. बोलता बोलता मलाही ते पटलं. आठ वर्षांत माझी स्लाइड कधी बिघडली नव्हती. डॉक्टरांना संशय होता, पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि रिपोर्ट न देता दुसरा तुकडा मागवला.

तुकडाच खराब झाला होता हे ऐकून ताईला हायसं वाटलं. पुन्हा सुई टोचून घ्यायला ती चालढकल करत राहिली. आधी नणंदेचं लग्न, मग मुलाची परीक्षा. मीही तगादा लावला नाही. भित्री म्हणा, मूर्ख म्हणा, मला ते दुसऱ्यांदा बघायचंच नव्हतं. चार महिने गेले.

दुसरा तुकडा मी जीव ओतून तयार केला. केंद्रकं तशीच, आणखी वेडीवाकडी. प्रोटीन दाखवणारा खास रंग मुंबईहून करून आणला, तर काचेवर सगळीकडे तपकिरी, म्हणजे ते प्रोटीन बेसुमार. तोवर गाठ काखेत पोचली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिच्या खाटेशी बसून रडले. तिने माझा हात धरला.

"मनाला लावून घेऊ नकोस गं. पहिल्या वेळी चुकला तुझा हात. होतं माणसाकडून."

माझा हात चुकला नव्हता. ते सांगायला त्यानंतर मला दीड वर्ष मिळालं. मी सांगितलं नाही.