खिडकीजवळची खुर्ची

इचलकरंजीत आमच्या गल्लीत शांतता झाली की बायका दारात यायच्या. यंत्रमागांचा खडखडाट चालू असताना आम्ही जेवायचो, झोपायचो, पाढे म्हणायचो. तो थांबला की समजायचं, एकतर लाइट गेली, नाहीतर कुणाचं तरी काम गेलं. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, दुसऱ्याच्या मागावर मीटरच्या हिशोबानं कापड विणायचे. आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. मी नववीत असताना एक दिवस आण्णा सकाळी कामावर गेले आणि जेवणाच्या आत परत आले. डबा तसाच भरलेला. मालकानं माग भंगारात घातले होते. ज्या मागावर आण्णांची उमेदीची वर्षं गेली तो लोखंडाच्या वजनावर विकला गेला.

 आईनं डबा उघडला, त्यातल्या भाकरी आमच्या ताटात वाढल्या. आण्णा भिंतीला टेकून बसले होते. नंतर ते सुताला खळ लावतात त्या सायझिंगमध्ये हमाली करायला लागले. मी तेव्हाच ठरवलं की ज्या कामावरून कुणी सकाळच्या सकाळी परत पाठवत नाही, असं काम मी मिळवणार.

मिळवलंही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही छाती काढून सांगते. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो. माझ्यामागून धाकटा भाऊ शिकला. तो अमेरिकेत गेला, मी जपानला आले. लग्न झालं, मुलगी झाली, तोक्योच्या हिगाशी-कसाईत दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. नवरा पुण्याची नोकरी सोडून माझ्या मागोमाग आला. त्याचा व्हिसा माझ्या व्हिसाला बांधलेला, मुलीचाही. तो इथल्या भारतीय मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. म्हणजे घरातला खांब मीच. तेव्हा मला याचा अभिमान वाटायचा. खांबाला वाळवी लागू शकते हे मनात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी आमचा तिघांचा व्हिडिओ कॉल. आण्णा इचलकरंजीत, भाऊ अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ धरून बसलेला. विषय ठरलेला: कुठला देश बरा.

"ताई, तुझा हॉल माझ्या बाथरूमएवढा आहे," भाऊ म्हणायचा. "वॉशिंग मशीन गॅलरीत ठेवतेस, आणि म्हणे श्रीमंत देश."

"आणि तुला दूध आणायला गाडी काढावी लागते. माझी सात वर्षांची पोर एकटी चालत शाळेत जाते. तुझ्याकडे सोडशील?"

"पगार सांग ना तुझा."

"ॲम्ब्युलन्स बोलावून दाखव ना तू."

यावर तो हसून विषय बदलायचा; तिथे ॲम्ब्युलन्सचं बिल हजारो डॉलरांचं. इथे लहान मुलांचा इलाज फुकट, मुलीला दवाखान्यात न्यायचं तर मी पाकीट उघडत नव्हते. तो मात्र ताप मोजून, इंटरनेट वाचून, मगच डॉक्टरकडे जायचा. त्याचा पगार दर वर्षी उडी मारायचा. माझा म्हणजे गोगलगाय. पण त्याच्या बोलण्यात 'सध्या' हा शब्द फार यायचा: सध्या इथे आहे, सध्या बरं चाललंय. मी तो शब्द वापरत नसे. माझी सॉफ्टवेअर कंपनी जुनी होती, मी कंत्राटावर नव्हते, कायम कर्मचारी होते. इथे माणसाला एकदा घेतलं की काढत नाहीत, हे मी आण्णांना इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं.

मग आमचा प्रोजेक्ट बंद झाला. बँकेचं काम होतं, बँकेनं ते दुसऱ्याला दिलं. टीममधली माणसं इकडे तिकडे गेली आणि माझी जागा बदलली. नवी जागा खिडकीपाशी. रुंद टेबल, बाहेर नदी, पुलावरून जाणाऱ्या गाड्या.

आता हे समजून घ्या. मागाच्या शेडमध्ये खिडक्या बंद असतात. वारा आला की सूत तुटतं. खिडकी उघडी असते ती एकाच माणसासाठी, दिवाणजीसाठी. तो वाऱ्याला बसतो, बाकीचे कापसाच्या धुळीत उभे राहतात. खिडकीजवळची खुर्ची म्हणजे काय, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

आण्णांचा फोन लगेच. "खिडकीपाशी बसिवलं? मग मर्जी बसली म्हण की मालकाची!"

"व्हय आण्णा."

"वारा लागतोय न्हवं?"

"काच उघडत नाही. पण एसी आहे."

"मग तर लईच भारी."

भावानं लिहिलं, "प्रमोशन! पार्टी दे." मी शेजारणींना फोटो दाखवला. नवऱ्यानं गोडाचा शिरा केला.

त्याच आठवड्यात जवळच फुनाबोरीला राहणाऱ्या ओळखीच्या काकू आमच्याकडे आल्या. काकू पुण्याच्या, पण जपानी माणसाशी लग्न करून इथे राहायला त्यांना इतकी वर्षं झाली की त्यांची नातवंडं त्यांना जपानीतून रागावतात. मी फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो बघितला, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"हा कुणाकुणाला पाठवलास गं?"

"सगळ्यांना. का?"

"काम काय देतात तुला?"

"सध्या काही नाही. नवीन प्रोजेक्ट येईपर्यंत..." म्हणताना माझ्याच तोंडून 'सध्या' निघाला.

काकू हळू आवाजात बोलल्या, जसं आजाऱ्यासमोर बोलतात. "बाळ, ही बक्षिसाची जागा नाही. इथे माणसाला काढत नाहीत, खरंय. खिडकीपाशी बसवतात. पगार देतात, नमस्कार करतात, फक्त काम देत नाहीत. मग माणूस आपणच कंटाळून जातो. माझ्या धाकट्या दिरानं तशी सहा-सात वर्षं काढली. शेवटी स्वतःच लिहून दिलं."

नवरा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होता. त्यानं नळ बंद केला. त्या शांततेत मला इचलकरंजीच्या दारात उभ्या असलेल्या बायका आठवल्या.

दुसऱ्या दिवसापासून मला सगळं दिसायला लागलं. माझ्या मेलबॉक्सात फक्त सगळ्यांना जाणारे मेल यायचे: अमुक लिफ्ट बंद आहे, तमुक दिवशी भूकंपाची ड्रिल आहे. मीटिंगच्या खोलीचं दार लागायचं, मी बाहेर. संध्याकाळी सगळे वाकून म्हणायचे, "ओत्सुकारेसामा देश्ता." दिवसभर दमलात, असा त्याचा भाव. मी कशानं दमले होते? कुणी रागावलं असतं, कुणी टोमणा मारला असता तर मी भांडले असते. भांडायला मी घाबरत नाही. पण हे लोक इतके प्रेमळ वागायचे की भांडायला जागाच उरायची नाही.

माझ्या शेजारच्या खिडकीपाशी एक पन्नाशीचे जपानी गृहस्थ बसायचे. मी त्यांना वरिष्ठ समजत होते. ते सकाळी पेपर वाचत, कुंडीतल्या झाडाची पानं ओल्या फडक्यानं पुसत, दुपारी पेपर पुन्हा वाचत. एकदा मी धीर करून विचारलं, "तुम्हाला इथे किती वर्षं झाली?"

ते छान हसले. "नारेमासु यो," म्हणाले. सवय होते हो.

एवढी भीती मला आयुष्यात कुठल्या शिवीची वाटली नाही. व्हिसा पुढच्या वर्षी संपत होता. नवा घ्यायला कंपनीची कागदपत्रं लागणार. कंपनीनं ती दिली नाहीत तर? किंवा मीच वैतागून राजीनामा दिला तर? मुलगी जपानीत स्वप्नं बघते, झोपेत जपानीत बडबडते. तिला कुठल्या शाळेत, कुठल्या भाषेत नेऊन बसवायचं? आण्णांना काय सांगायचं, ते तर गल्लीभर फोटो दाखवून मोकळे झाले होते.

एके संध्याकाळी निशी-कसाई स्टेशनबाहेर भाजी घेत होते. भावाचा फोन आला. तिकडे नुकतं उजाडलं असणार. असा अवेळी फोन तो कधी करत नसे.

"ताई, माझा लॅपटॉप उघडेना. पासवर्ड चालत नाही."

"मग आयटीला सांग."

"माझ्या खासगी मेलवर कंपनीचं पत्र आलंय. आज शेवटचा दिवस. आजच." त्याचा श्वास ऐकू येत होता. "इन्शुरन्स महिनाअखेरपर्यंत. ताई, हिला आठवा महिना आहे."

मी कांद्याची पिशवी खाली ठेवली. त्याच्या मोठ्या घरात, तीन गाड्यांच्या गॅरेजमध्ये तो एकटा उभा असलेला दिसला. आणि मग मी त्याला माझ्या खिडकीचं खरं सांगितलं, कारण त्याला एकटं वाटू नये असं मला वाटलं.

 तो म्हणाला, "म्हणजे तुलाही काढलंय."

"काढलं नाही. पगार चालू आहे."

"ताई, निदान मला सांगितलं तरी. तुला तर कुणी सांगतही नाही."

"पण माझी पोर आजारी पडली तर उद्या दवाखान्यात नेता येतं."

"आणि मी उद्या दुसरी नोकरी शोधू शकतो. इथे मला काढलंय म्हणून कुणी तोंड फिरवणार नाही. निम्म्या गावाला काढलंय. तुझ्याकडे पन्नाशीपर्यंत खिडकीत बसलेल्याला कोण घेतं?"

दोघंही खरं बोलत होतो. त्याचा देश माणसाला एका घावात तोडतो आणि दुसरीकडे जोडूही देतो. माझा देश तोडत नाही, आणि सोडतही नाही. दोन्हीकडे पैसा आहे, रस्ते आहेत, चोवीस तास पाणी आहे. आमच्या आईबापांनी आयुष्य घालवलं ते आम्हाला इथवर पोचवायला. आणि इथे पोचून आम्ही दोघं भाऊबहीण दोन टोकांना फोन धरून उभे होतो.

"आण्णांना सांगू नकोस," तो म्हणाला.

"तूही नको सांगू."

पुढच्याच आठवड्यात मला एचआरनं बोलावलं. खोलीत हिरवा चहा, गोड बिस्कीट. एचआरच्या साहेबांनी स्वतः चहा ओतला. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले. "तुमच्यासारख्या हुशार व्यक्तीला बाहेर अधिक आनंद मिळेल, असं कधी वाटतं का? तुमचे बंधू अमेरिकेत आहेत ना?" मधे राजीनाम्याचा एक कोरा फॉर्म ठेवलेला. त्याकडे त्यांनी बोटही दाखवलं नाही.

"विचार करते," एवढंच म्हणून मी उठले. जिन्यात बसून काकूंना फोन केला.

"सही केलीस?" काकूंनी आधी तेच विचारलं.

"नाही."

"शहाणी माझी बाय. त्यांना तुझ्याकडून तेवढंच हवंय. ते कधीही 'जा' म्हणणार नाहीत. तू म्हणावंस म्हणून थांबतील. त्यांच्यासारखी गप्प बसलीस तर हरशील. या खेळात ते मुरलेले आहेत."

आमच्याकडे सोमवारी सकाळी सगळा विभाग उभा राहायचा आणि प्रत्येकानं या आठवड्यात काय करणार ते सांगायचं. खिडकीवाल्यांनी "विशेष काही नाही" म्हणायचं, बाकीच्यांनी मान हलवायची, अशी रीत. शेजारचे गृहस्थ तसं म्हणाले. माझी पाळी आली. शाळा सोडावी लागलेली मुलगी डोळ्यांपुढे आली.

मी जपानीतून म्हणाले, "या आठवड्यात मला काम नाही. गेल्या आठवड्यातही नव्हतं. मी काम करायला आले आहे. मला काम द्या. कुठलंही चालेल, कुठेही चालेल."

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आमचे विभागप्रमुख कानापर्यंत लाल झाले. इथे असं चारचौघांत कुणी बोलत नाही. बोलणाऱ्याची नव्हे, ऐकणाऱ्याची अब्रू जाते. मी जागेवर येऊन बसले तेव्हा वाटलं, झालं, आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. तो आठवडाभर मला कुणी साधा नमस्कारही केला नाही. शेजारच्या गृहस्थांनी झाड पुसणंही थांबवलं होतं. मला घरी जेवण जाईना. नवरा म्हणायचा, "बोललीस ते बरोबर बोललीस." पण त्याचाही आवाज बारीक झाला होता.

मग विभागप्रमुखांनी मला कोपऱ्यात बोलावलं. त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत आमच्या कंपनीचं काम होतं. यंत्रांमधून येणारी माहिती साठवणारं जुनं सॉफ्टवेअर, ते सांभाळायला माणूस हवा होता. लांब पडतं म्हणून तोक्योचं कुणी जायला तयार नव्हतं. "कुठेही चालेल, असं तुम्ही म्हणाला होतात," ते जमिनीकडे बघत म्हणाले. मला शिक्षा देतायत की वाट, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आजही माहीत नाही. मी तिथल्या तिथे हो म्हणाले.

त्सुकुबाला जायला गाडी झपाट्यानं धावते, पण पहाटे निघावं लागायचं. तिथली मंडळी सायकलवरून कामावर येतात. पहिले काही महिने कुणी हळू आवाजात बोललं तरी मी दचकून बघायचे. पण मेल यायला लागले, तक्रारींचे, चिडलेले, घाईचे. तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी माझ्यावर पहिल्यांदा आवाज चढवला तेव्हा मला रडू आलं, सुटल्यासारखं.

भावाला नोकरी लागायला हिवाळा उलटला. पगार कमी, गाव लहान. मधल्या काळात इन्शुरन्सचे हप्ते भरायला त्यानं एक गाडी विकली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. आण्णांना आम्ही सगळं नंतर सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तुमचे मालकबी आमच्या मालकागतच की."

कंपनीनं व्हिसाची कागदपत्रं दिली. मी त्सुकुबातच राहिले. त्यानंतर दोन वर्षांनी आम्हा तिघांना जपानमध्ये कायम राहण्याचा परवाना मिळाला. आता माझी नोकरी गेली तरी माझ्या मुलीला शाळा सोडावी लागणार नाही.