उकंडरावांची लाल खूण

साखरखेर्ड्याच्या उकंडरावांचा सगळ्या गावावर विश्वास होता, फक्त मिस्त्र्यांवर नव्हता. सदुसष्ट साली त्यांनी लिलावातली मिलिटरीची जुनी जीप घेतली आणि मेहकरपर्यंत सवाऱ्या नेऊ लागले. वर्षभरात एका मिस्त्र्यानं चांगला डायनॅमो काढून मेलेला बसवला, तर दुसऱ्यानं नुसतं बॉनेट उघडून तीस रुपये उपटले. दोघांशीही कडाक्याचं भांडण झालं. आता मेहकरचा वैजनाथ मिस्त्री तेवढा उरला होता. त्याच्याशीही बिनसलं असतं, तर जीप गोठ्यात बांधून ठेवावी लागली असती.

म्हणून जीप अडखळायला लागली तेव्हा उकंडरावांनी कार्बोरेटर स्वतःच खोलला. बायकोचं धुतलेलं लुगडं अंगणात पसरून त्यावर एकेक तुकडा ओळीनं मांडला.

"काय मेलं वाटोळं केलं माह्या लुगड्याचं!" झुंबरबाई कडाडल्या.

सगळं जोडून झालं आणि एक बारीक स्प्रिंग उरली. उरली म्हणजे लागत नसेल, असं म्हणून त्यांनी ती खिशात टाकली. दुसऱ्या दिवसापासून जीप पेट्रोल नुसतं ढोसायला लागली.

झक मारत वैजनाथकडे जावं लागलं. पण उकंडराव कच्चे नव्हते. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून लाल हिंगूळ उरला होता, त्याचा ठिपका त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाला लावून ठेवला. बदलू दे लेकाला आता!

"घरी खोलला होता वाटते. काही उरलं तं नाही?" वैजनाथनं विचारलं.

"नाही बा," उकंडराव म्हणाले. खरं सांगायची लाज वाटली.

बाजार करून ते परतले तेव्हा कार्बोरेटर जोडून बाकावर ठेवलेला होता, जीपवर चढवायचा तेवढा राहिला होता. त्यांनी तो उचलून उलटा केला. ठिपका गायब.

"चोरा! माहा बदलून टाकला काऊन बे?"

रस्त्यावरची माणसं गोळा झाली. वैजनाथनं हात पुसले आणि पायाजवळचं घमेलं पुढं सरकवलं. त्यातलं पेट्रोल तांबडं झालं होतं.

"मी म्हनो, गंज हाय. रंग लावला होता काय तुमी? धुतल्याबगर जोडू कसा?" तो म्हणाला. "हा तुमचाच हाय. आतली एक स्प्रिंग तेवढी नव्हती. कोनं नेली म्हून मी बोंबललो नाही. माह्याजवळची घातली."

उकंडरावांचं तोंड एवढंसं झालं. मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. सगळ्यांदेखत त्यांनी खिशातली स्प्रिंग काढली आणि बाकावर ठेवली. कोणी हसलंही नाही.

वैजनाथनं ती पाहिली. मग कानस उचलून त्यांच्यापुढं धरली.

"रंग धुतल्या जाते, दादा. खूण करायची तं यानं घासून करा. मंग मी बसवतो."

उकंडरावांनी कानस हातात घेतली. पण खूण न करताच ती स्प्रिंगशेजारी ठेवून दिली.

"बसवा, मिस्त्री," ते म्हणाले.