आईनं खुरपलेली हिरवळ

आमच्या सकाळी फिरणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यात मोठं तोंड माझंच. धाराशिवात आमच्या कॉलनीमागं नवी बाग होऊ लागली, तेव्हापासून मी जणू तिची मालकीणच झाले होते. कुणी फूल तोडलं, कुणी पोराला जास्वंदीच्या आळ्यात उभं केलं, कुणी कुरकुऱ्यांचं पाकीट टाकलं, की काढ फोटो आणि टाक ग्रुपवर. खाली ठरलेली ओळ: 'अडाणी माणसं, काय बोलायचं!' वर्गात पोरांवर ओरडून ओरडून गळा तयार झालेलाच होता. सोलापूरची बाग मी बघितलेली, लातूरची बघितलेली, शाळेच्या सहलीबरोबर हैदराबादच्याही बागा फिरून आलेली. त्यामुळं 'तिकडं बघा कशा बागा ठेवतात' हे ऐकवायला मी मोकळी. आज ते आठवलं की कुठं तोंड लपवू असं होतं.

त्या पावसाळ्यात आई माझ्याकडं राहायला आली. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात तिचा सगळा जन्म रानात गेला. गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, सपाट जागेवर रोज थोडं चालवा. गावात सपाट जागा आणायची कुठून? म्हणून मी तिला घेऊन आले आणि रोज सकाळी स्कुटीवरून बागेत नेऊ लागले.

आता खरं सांगते. पुढच्या गेटनं मी तिला कधी नेलं नाही. मागं पाण्याच्या टाकीजवळ एक छोटं फाटक होतं. त्या भागाचं काम चालू म्हणून हिरवी जाळी लावलेली, फिरणारं कुणी तिकडं फिरकत नसे. तिथल्या बाकावर आईला बसवायचं आणि आपण पुढं जाऊन आमच्या बायकांत मिसळायचं. त्या सगळ्या ट्रॅकसूट आणि पांढऱ्या बुटांतल्या. आई लुगड्यातली, हनुवटीवर गोंदण, हातात कापडी पिशवी, पिशवीत तंबाखूची डबी आणि खुरपं. "खुरपं कशाला गं बागेत?" म्हटलं तर म्हणायची, "आसू दे. हाताला सवय हाय."

'तिला चार माणसांत बुजल्यासारखं होतं,' असं मी मनाशी म्हणायची. कसलं काय! बुजत होते ती मी. ग्रुपमधल्या एकीलाही मी 'ही माझी आई' म्हणून सांगितलं नव्हतं.

आईची तिथं ओळख झाली ती एकाच बाईशी, ठेकेदाराकडं रोजानं काम करणाऱ्या माळीणबाईशी. आम्ही सगळ्याजणी तिला मावशी म्हणायचो; वयानं ती माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल. ती आईला तांब्याभर पाणी आणून द्यायची, आपल्या थर्मासमधला घोटभर चहा द्यायची, हात धरून दोन चकरा मारून आणायची. म्हणजे माझं काम ती करत होती. "लई गुनाची बाई हाय," आई घरी येऊन सांगायची. "तिची सावड फेडाय पायजे."

सावड म्हणजे आज तू माझ्या रानात राबलीस, उद्या मी तुझ्या रानात राबणार. कुणी लिहून ठेवत नाही, पण कुणी विसरतही नाही. मी हसले. म्हटलं, "बागेत कसली आलीय सावड, आई?"

दसऱ्याच्या आधी उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे येणार म्हणून ठेकेदारानं मागच्या मोकळ्या जागेत लॉन करायला घेतलं. टेम्पोनं गवत आलं. मावशीनं तीन-चार दिवस उन्हात उकिडवं बसून एकेक कांडी मातीत टोचली. नेमकी त्याच दिवसांत आई तापानं फणफणलेली. दोन आठवड्यांनी ती पुन्हा बागेत आली तेव्हा गवत बोटभर वर आलं होतं. ते कुणी लावलंय हे तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं वाटलं.

एका रविवारी मला परीक्षेची ड्यूटी होती. आईला बाकावर बसवलं, 'मावशी येईलच एवढ्यात' म्हणून सांगितलं आणि गेले. मावशी त्या दिवशी आलीच नाही. तेरला तिच्या बहिणीची वास्तुशांत होती. रजा मागितली तर मिळत नाही, म्हणून बिचारी न सांगताच गेली होती.

दुपारी परत येते तर आई बाकावर बसलेली, लुगडं मातीनं माखलेलं, घामानं तोंड थबथबलेलं आणि स्वारी भलतीच खुश. "बग, कसं रान झालं!"

मी बघितलं. सगळी जागा पाटीसारखी कोरी. हिरवी काडी औषधाला नाही. कडेला मावशीची दोन रिकामी पोती होती, ती गच्च भरलेली.

"आगं, समदी हराळी माजली हुती," आई सांगत होती. "येकली बाई कुटं कुटं पुरंल? म्हनलं सावड फेडावी. मुळासकट काडलीय, येक कांडी ठिवली न्हाय. पर हितं टाकू नगंस हां, पुन्ना जीव धरती. घरी न्हेऊन गच्चीवर वाळवू."

लॉनचं गवत म्हणजे जातीनं हराळीच. आणि आमच्याकडं रानात हराळी शिरली की घरात आजारपण शिरल्यासारखं तोंड करतात माणसं. उन्हाळ्यात नांगरामागं वाकून हराळीच्या काशा, म्हणजे मातीतल्या चिवट मुळ्या, वेचण्यात आईची कंबर गेली. तीच हराळी कुणी शहाणा टेम्पो करून आणतो आणि मुद्दाम लावतो, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

मी तिथंच ठेकेदाराला फोन लावायला हवा होता. चूक झाली, माझ्या आईकडून झाली, काय भरपाई असेल ती सांगा. एवढंच बोलायचं होतं. त्याऐवजी मी चोरासारखं इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. एक पोतं स्कुटीवर पायांपाशी कोंबलं, आईला मागं बसवलं, तिला घरी सोडून दुसऱ्या पोत्यासाठी पुन्हा आले. दोन खेपा केल्या. म्हणजे भीतीनं डोकं फिरलं होतं म्हणायलाही मला जागा नाही. पोती गच्चीवर टाकीमागं लपवली. खाली आले तर आई म्हणाली, "बेस झालं न्हवं?" मी म्हटलं, "लई बेस झालं."

संध्याकाळी ग्रुपवर त्या बोडक्या जागेचा फोटो आला. लॉन चोरीला गेलं! सगळ्या पेटल्या. मग एकीनं विचारलं, 'आज मॅडम गप्प कशा?' मी लिहिलं, 'कडक कारवाई झालीच पाहिजे.' खाली अंगठेच अंगठे.

सोमवारी कारवाई झाली. मी एकटीच गेले होते. गेटवर ठेकेदार मावशीला फाडून खात होता. "तूबी गायब आन् गवतबी गायब! कुनाच्या बंगल्यात लावलंस सांग!" ती लेकरांच्या शपथा घेत होती, पदरानं डोळे पुसत होती. "साहेब, म्या चोर न्हाय वो. म्या तेरला गेलते." तो काही ऐकेना. दसऱ्याच्या आत गवत आणून दे, नाहीतर इथं पाय ठेवायचा नाही, आणि दुसरीकडं कुठं काम मिळतं तेही बघतो म्हणाला. माझ्याशेजारची हळूच म्हणाली, "दिसत नव्हती हो तशी."

मी म्हटलं, "हो ना."

हे मी बोललेय. माझ्या गच्चीवर दोन पोती असताना, ज्या बाईच्या हातचा चहा माझी आई महिनाभर प्यायली, तिच्याबद्दल.

आईला सांगितलं, उद्घाटनासाठी बाग बंद ठेवलीय. तीन दिवस नेलं नाही. ती रोज भाकरी थापताना विचारायची, "ती बाई भेटली का? रान बगून काय म्हनली?"

"वाटेत भेटली. खुश झाली."

"म्हनली आसंल, म्हातारीनं कदी हात मारला!" आणि स्वतःशीच हसायची. मला घास गिळेना असं लिहिलं तर बरं दिसेल. पण गिळत होते. चांगल्या दोन-दोन भाकरी खात होते.

चौथ्या दिवशी आंघोळ करून बाहेर येते तर आई घरात नाही. पिशवी नाही, खुरपं नाही. तशीच ओल्या केसांनी पळाले. मागचं फाटक बंद, म्हणजे ती पुढच्या गेटला गेली असणार. तिथं घोळका जमला होता, आमच्या सगळ्या बायकांचा. मावशी आपल्याकडचं घमेलं आणि पाण्याचा पाइप परत करायला आली होती. आईनं तिला गाठून हौसेनं विचारलं असणार, 'काय गं, कसं झालं रान?' आणि तिनं सगळं सांगितलं असणार.

मी पोचले तेव्हा आई ठेकेदारासमोर उभी होती.

"म्या उपटली. ह्या बाईला काय बी म्हनू नगंस."

"तुमी? आवं आजी, लॉन हुतं ते!"

"हराळी हुती बाबा. म्या जल्मभर काडत आले. मला काय ठावं, हितं लावत्यात म्हनून?"

सगळ्या खो खो हसल्या. आई ओशाळली. तोंडाला पदर लावून खाली बघत राहिली. साऱ्या गावात जिच्या खुरपणीला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती, ती. मी शेजारी येऊन उभी राहिलेय हे बघून एक मैत्रीण माझ्याकडं वळली आणि माझंच वाक्य मला म्हणून दाखवलं, "अडाणी माणसं, काय बोलायचं! काय हो मॅडम?"

मॅडम ओले केस बांधायला लागल्या.

ठेकेदारही आता हसतच होता. म्हणाला, "आजी, कुनासंगं राहताव? घरच्यास्नी बोलवा कुनाला तरी."

आईनं मान वर केली. तिची नजर घोळक्यावरून फिरत फिरत माझ्यावर आली. मी पुढं होणार होते. खरंच होणार होते, एक पाऊल उचललं होतं असं मला आजही वाटतं. पण तिनं माझं तोंड बघितलं. त्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक. तिनं नजर काढून घेतली आणि म्हणाली, "हितं माजं कुनी न्हाय बाबा. पावन्याकडं आलेय. पावनं गावाला गेल्यात."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. तिला तर सगळं माहीत होतं. रोज स्कुटीवरून आईला उतरवताना ती मला बघायची. आता ती बोलणार, असं वाटलं. पण ती खाली वाकून पाइप गुंडाळत राहिली. ती बोलली नाही म्हणून मला हायसं वाटलं, ह्याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

"गवत हाय माज्याकडं," आई सांगत होती. "आनून देते आन् लावून बी देते. चार दिसांत हराळी मरत न्हाय." ठेकेदार म्हणाला, मिळत असेल तर लावा, माझं उद्घाटन झाल्याशी मतलब. मावशीच्या हातातलं घमेलं तिच्याच हातात राहिलं.

पोती मी आणली. मागच्या फाटकानं, सगळ्या पांगल्यावर. वरचं गवत वाळून कुसळ झालं होतं, पण आत कांड्यांना पांढरे कोंब फुटलेले. आई एक पाय लांब सोडून मातीत बसली होती. तो गुडघा दुमडतच नव्हता. मावशी भोकं पाडायची, आई कांडी टोचायची. मी जवळ गेले. म्हटलं, "मावशी, चुकले मी. पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं." ती वर न बघता म्हणाली, "मॅडम, पानी तेवडं सोडा." मी नळ सोडला. दिवस कलेपर्यंत तिघी तिथं होतो आणि त्याशिवाय मला कुणी काही सांगितलं नाही.

निघताना आईला उठवायला मावशीनंच हात दिला. मी स्कुटी फाटकापाशी आणली. म्हटलं, "आई, बस."

ती बसली नाही. फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली. रस्त्यापलीकडं आमच्या ग्रुपमधल्या दोघीजणी भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या.

"तू हो म्होरं," आई म्हणाली. रागानं नाही, नेहमीच्या आवाजात. "बाया हायत्या तिकडं. म्या येते हळूहळू."

मी स्कुटी सुरू केली. वळणापलीकडं, जिथून बाग दिसत नाही तिथं जाऊन थांबले आणि आईची वाट बघत राहिले.