सासऱ्यांचा एकुलता एक इंग्रजी शब्द

माझ्या सासऱ्यांना इंग्रजीतला एकच शब्द येत होता, आणि त्या एका शब्दाला त्यांच्याइतका भिऊन असलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. आमच्या काळ्या मातीतल्या कापसावाचून विलायतेचं चालेनासं झालं, त्या वर्षांतली ही गोष्ट. अकोल्यात एका गोऱ्या व्यापाऱ्यानं वखार उघडली आणि सासरे वखर सोडून वखारीत गेले. अंतर म्हटलं तर एका कान्याचं. काम काय, तर गाठीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, रुईची चिमूट ओढून साहेबापुढं धरायची, आणि साहेबानं मान हलवली की आवारभर ऐकू जाईल असं ओरडायचं, "पाऽऽस!" आवाज असा की बैल दचकून दावी ओढत. हा शब्द त्यांनी घरीही आणला. भाकर फुगली, पास. सासूबाईंचं नवं लुगडं, पास. मी अमरावतीच्या कचेरीतला कारकून, इंग्रजीची तीन पुस्तकं शिकलेला. पण मुलगी देताना त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला, "पास" म्हणाले, आणि मी मुकाट्यानं पास झालो.

पुढं पुढं तो शब्द त्यांना दगा देऊ लागला. साहेब जेवताना "पास" म्हणाला आणि मिठाचं भांडं हातोहात त्याच्याकडं गेलं. आगगाडीत बसायचा एक कागद आला, त्याचंही नाव पास. वखराच्या लोखंडी पात्याला आपल्याकडं पास म्हणतातच, आणि उत्तरेकडचे हिंदी बोलणारे व्यापारी जवळ बोलवायचे तेही "पास आओ" म्हणूनच. सासरे बोटं मोजत बसायचे. "जवाईबापू, एका शब्दाले इतके धंदे काहून?" मी हसलो होतो. मग एके सकाळी त्यांनी एका गाठीवर खणखणीत "पास" म्हटलं, आणि त्याच क्षणी निरोप्या आला. साहेबाचा तरुण भागीदार पटकीनं आजारी होता. साहेबानं टोपी काढली आणि हलक्या आवाजात तोच शब्द उच्चारला. सासऱ्यांनी साहेबाच्या खानसाम्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "गुजर गये."

त्या दिवसापासून सासरे बदलले. गाठीवर ओरडायचं तर आधी आजूबाजूची माणसं लांब करायचे, बैलसुद्धा वळवून उभे करायला लावायचे. कोणी "पास आओ" म्हटलं की चार पावलं मागं सरायचे. घरात वखराच्या पात्याला नुसतं "लोखंड" म्हणायचं फर्मान निघालं. सासूबाई एकदा विसरल्या, तर त्यांच्या तोंडावर हात ठेवून सासरे कितीतरी वेळ दाराकडं बघत राहिले. "शब्द हिंडून राहिला," म्हणाले. "त्याले अजून घर नाई भेटलं." सगळे हसले, पण दार मात्र कोणीतरी लोटून घेतलं.

वैशाखात माझी बायको माहेरी असताना तापानं पडली. निरोप मिळताच मी अकोल्याला धावलो. नऊ दिवस ताप उतरला नव्हता. साहेबानं मेहेरबानीनं आपला डॉक्टर पाठवला. त्यानं नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि मला म्हणाला, "इट विल पास." माझा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांचा चेहरा मात्र राखेसारखा झाला.

"अहो, ताप जाईल म्हणतो तो," मी समजावलं.

"जाईन म्हनते ना? ताप कोनता अन् मानूस कोनता, हे त्या शब्दाले कसं समजन?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी आडावरून पाण्याची घागर घेऊन आलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, वारा तर नव्हताच. तरी वखारीकडून उडालेले रुईचे पुंजके उंबऱ्याशी हलत होते. आत सासरे खाटेजवळ उकिडवे बसले होते. हात पुढं, तळवा वर, जेवणाच्या टेबलावर मीठ मागावं तसा. "पास," ते अगदी हळू म्हणाले. "इकडं. माह्या हाती दे." बायकोचे डोळे मिटलेले होते. मग त्यांची बोटं एकेक करून मिटली, काहीतरी हाती लागल्यासारखी. घागर खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

तिन्हीसांजेला तिला घाम फुटला आणि तिनं पेज मागितली. तोवर सासऱ्यांचं अंग तापलं होतं. चौथ्या दिवशी ते गेले. डॉक्टरनं टोपी काढली आणि माझ्याजवळ तोच शब्द बोलला. मी मान हलवली, गाठीवर साहेब हलवायचा तशी, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

तापाची साथ होती, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो. कारकुनानं याहून वेगळं काय सांगावं? बायकोशी त्या दुपारबद्दल मी वीस वर्षं बोललो नव्हतो. गेल्या उन्हाळ्यात ओसरीवर बसलो असताना न राहवून सांगितलं. ती सरकी निवडत होती. तिचे हात थांबले.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "बाबानं हात पुढं केला व्हता. मले लय जड झालं व्हतं, म्या देऊन टाकलं. काय देऊन राहिली, हे कुठं ठाऊक व्हतं मले?"

मी तिचा हात हातात घेतला. इतक्या उन्हात तो गार होता. मला सासऱ्यांची फार आठवण आली.