सिनेमाचे सात शर्ट

आमचे हे शिंपी. चाळीस वर्षं मशीनवर वाकून वाकून पाठ आता सरळ व्हायचं नाव घेत नाही. बोलणं म्हणाल तर मोजूनमापून. पण एक नियम मात्र दिवसातून दहा वेळा ऐकवायचे, "एका ढिगात दोघांचे कपडे ठेवायचे नाहीत." प्रत्येकाची चळत वेगळी आणि तिला सुतळी वेगळी. काज-बटणाचं काम माझ्याकडे, त्यामुळे हा जप सगळ्यात जास्त माझ्याच कानाशी. मी म्हणायचे, "कपडेच आहेत हो, रात्रीतून भांडणार आहेत का?" हे आपले चळती वेगळ्या करायचे.

लढाईच्या सिनेमाचं काम दुकानात आलं ते गेल्या वर्षी. सिनेमाच्या कपड्यांचं बघणारा एक गडबड्या माणूस होता, आम्ही त्याला ड्रेसवालाच म्हणायचो. नायकाचा दोस्त लढाईत मरतो, त्याचे सात शर्ट हवे होते.

"माणूस मरतो एकदा, सात कशाला?" यांनी विचारलं.

"मास्तर, पडद्यावर एकदा धड मरायला इथं सहा वेळा चुकावं लागतं."

आणि त्या शर्टांना छातीवर तीन भोकं हवी होती, पण दिसायला नकोत. आतून ब्लेडनं कापड खरवडत जायचं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ होईपर्यंत. बाहेरून शर्ट अखंड. आत चिमुकला फटाका लावला की नेमकं तिथंच उडणार. दोन दिवस हे तयारच होईनात. चांगल्या कापडाला रोग लावायचा म्हणजे काय, असं म्हणत बसले. मग मीच मागे लागले. सिनेमात आपलं काम दिसेल, चार लोक बघतील, हौस मला होती. खोटं कशाला बोलू.

नटाचं माप आलं तर छाती अडतीस, आणि खांदा, बाही सगळं आमच्या मुलाचं. मुलगा सैन्यात. तेव्हाच सुट्टीवर आला होता. कापडही त्याच्याच वर्दीच्या रंगाचं. यांनी पहिला शर्ट त्याच्याच अंगावर घालून बघितला. कार्ट्याला चेष्टा सुचली. छातीवर हात दाबून दुकानाच्या फरशीवर आडवा झाला, डोळे मिटले, जीभ बाहेर. मी हसले. हे हसले नाहीत.

"ऊठ," म्हणाले. "आधी तो शर्ट काढ."

मुलाचा स्वतःचा वर्दीचा शर्ट कोपरावर फाटला होता. यांनी त्याला रफू केलं, माशाच्या काट्यासारखं तिरकं. तसं रफू गावात दुसरं कोणी करत नाही.

सुट्टी संपायला दोन दिवस होते तोच निरोप आला, लगेच निघ. घरात एकच धांदल उडाली. हे त्याच्या तिकिटासाठी बाहेर गेले. सिनेमाच्या चळतीला अजून सुतळी बांधली नव्हती, एका शर्टाची बटणं राहिली होती. मी मुलाच्या शर्टाला इस्त्री केली आणि टेबलावर जागा नाही म्हणून त्याच चळतीवर ठेवला. मग राहिलेली बटणं लावली, तो शर्ट वर टाकला. तेवढ्यात दारात गाडी वाजली. मी वरचा शर्ट उचलला आणि त्याच्या बॅगेत कोंबला. उरलेले सात मोजून सुतळी बांधली. सात म्हणजे सात, हिशेब बरोबर.

सिनेमा आला आणि तुफान चालला. गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, मास्तरांचा सिनेमा. ड्रेसवाल्यानं आम्हाला दुपारच्या खेळाला बोलावलं. थिएटर खचाखच. दोस्त मरायची वेळ आली, मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. धडाधड तीन भोकं पडली, तो कोसळला, हात डोक्यावर गेला आणि कोपर अख्ख्या पडद्यावर आलं. त्यावर माशाच्या काट्यासारखं तिरकं रफू.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बायका डोळे पुसत होत्या. आम्ही दोघं बसूनच राहिलो.

बाहेर ड्रेसवाला खुशीत होता. "मास्तर, एका शर्टाला तुम्ही भोकंच केली नव्हती. म्हटलं, म्हातारा विसरला. शेवटी आम्हीच ब्लेड मारलं, आणि बघा, नेमका तोच शॉट लागला."

घरी आलो. चुलीवर काय होतं ते करपलं. मी सांगून टाकलं, "ढिगावर मीच ठेवला होता."

"कळलं मला," म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कापडानं कधी गोळी अडवली नाही, एवढी अक्कल मलाही आहे. तरी माझ्या हातानं मी छातीवर तीन भोकं असलेला शर्ट पोराच्या बॅगेत भरला होता. फोन लागत नव्हता. सीमेवर गोळीबार सुरू झाल्याच्या बातम्या येत होत्या. आणि दुकानात रोज पोरं यायची, "मास्तर, सिनेमातला शर्ट शिवा ना, भोकांसकट." एकाला यांनी कापड मोजायचा गज उगारून बाहेर काढलं.

नवव्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला.

"सुट्टीवरून नेलेला तुझा इस्त्रीचा शर्ट कुठाय?" मी आधी तेच विचारलं.

"तो होय? घडी न मोडता पेटीतच पडून होता, माझ्या खोलीतल्या दोस्ताला दिला. त्याचा फाटला होता, माप आमचं एकच. त्याची तुकडी परवाच पुढं गेली. का गं?"

देवाशप्पथ सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. इतका की मी खालीच बसले.

"त्याला सांग, तो शर्ट घालू नकोस," मी म्हणाले.

"आता कसं सांगू? तिथं फोन लागत नाही. माझा फोन सुरू झाल्यापासून त्याची आई बिचारी मलाच विचारतेय." आणि मग याचाही फोन तुटला.

त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

हे उठले. माप विचारायची गरज नव्हती. कापड काढलं, अडतीसची छाती कापली आणि संध्याकाळपर्यंत शर्ट शिवून झाला. काज-बटण मी केलं. कापड उजेडात धरून यांनी तीनदा तपासलं. मग वेगळी सुतळी बांधून वेगळ्या खिळ्याला लावला. पाठवायचा कुठं, ते ठाऊक नाही.

त्याला बारा दिवस झाले. शर्ट खिळ्यालाच आहे. मुलाचा फोन पुन्हा लागत नाही. त्या दोस्ताच्या आईचा नंबर आमच्याकडे नाही. असता तरी तिला काय सांगायचं, ते मला सुचत नाही.